हुरडा एक नंबर आहेच, पण माझे पाच स्टार तापाच्या नियमाला

मोहोळ तालुक्यात पुणे हायवे सोडून जरा आत गेलं की एक शेतकरी कुटुंब आपल्याच शेतात हुरडा पार्टी करतंय, आता मुक्कामाला खोल्या आणि वर एक मोठा हॉल पण काढलाय. त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, मालकदादाच म्हणाले ताई शनिवार-रविवार आधीच फुल असतंय, ओळखीतनं येणारे तेवढेच आम्हाला झेपतात.

खाण्याचं आधी सांगून टाकते कारण सगळे जातात त्यासाठीच. हुरडा गुळभेंडीचा, कवळा, शेणकुटाच्या आगटीत कणसं भाजून तिथंच चोळून गरमागरम पुढ्यात टाकतात, हात थांबत नाही. सोबत शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, शेव, खोबरं आणि घट्ट दही. शेंगाची चटणी उखळात कुटलेली, चांगली तेल सुटलेली, म्हणजे आपल्या सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. दुपारी जेवायला ज्वारीची गरम भाकरी, ज्यांना पाहिजे त्यांना कडक भाकरी, शेंगाची आमटी, भरलं वांगं, ठेचा, आणि वर ताक. माणशी ५०० च्या आतबाहेर पडलं, त्यात बैलगाडीची चक्कर आणि संध्याकाळी उसाचा रस. पुण्याहून आलेला माझा भाऊ आणि त्याची पोरं एकदम खुश. चहा फारच गोड होता, सांगितलं तर बिनसाखरेचा करून देतात.

पण मी हे एवढं लांबलचक लिहायला बसले ते हुरड्यासाठी नाही. बुकिंग केलं की त्यांचा एक मेसेज येतो. त्यात लिहिलेलं असतं की तुमच्यापैकी कुणाला ताप, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल तर कृपया येऊ नका, आदल्या रात्री कळवलं तरी चालेल, अगदी निघायच्या सकाळी कळवलं तरी चालेल, आगाऊ भरलेले सगळे पैसे परत मिळतील नाहीतर तारीख बदलून मिळेल. सगळे पैसे, कापून नाही. मी तो मेसेज वाचला आणि दादांना फोन करून विचारलं की हे खरंच पाळता का, तर म्हणाले पाळतो, एका ग्रुपचं पोरगं तापलं होतं तेव्हा सगळ्या ग्रुपचे दिले परत.

मी आरोग्य सेविका होते, ग्रामीण भागातल्या उपकेंद्रात, आता रिटायर झालेय. म्हणून मला हा नियम किती मोठा आहे ते कळतंय. आगाऊ पैसे भरलेला माणूस घरी बसत नाही हो. पोराला रात्री ताप आला तर सकाळी तापाचं औषध पाजतात, गाडीत घालतात आणि येतात, कारण चार कुटुंबांचं ठरलेलं असतंय, पैसे गेलेले असतात, सुट्टी परत मिळणार नसते. त्यात माणसं वाईट नसतात, पण पैसे बुडणार असतील तर आपण सगळेच म्हणतो की साधाच ताप आहे, दुपारपर्यंत उतरेल. थर्मामीटरची बंदूक गेटवर धरून काही होत नाही, औषध घेतलेलं पोरगं त्यात गारच दिसतं. पैसे परत मिळतात म्हटल्यावर मात्र लोक स्वतःहून फोन करतात.

याच्या उलट अनुभवही आहे. मागं एका हिवाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथं पैसे कुठल्याही कारणानं परत नाहीत असा बोर्ड होता. शेजारच्या मांडवात एक मोठा ग्रुप बसलेला, निम्मे लोक खोकत होते, आणि भाकरी थापणाऱ्या बायका त्यांच्यातच वाकून वाढायलेल्या. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एका बाईंचा मला फोन आला, नंबर मीच देऊन आले होते, म्हणाल्या सिस्टर आमच्या वस्तीवर सगळे तापानं झोपलेत, म्हातारीला दम लागलाय. तेव्हा तिथं आलेला पाहुणा कधीच आपल्या घरी पोचून बरा होऊन कामाला लागला असेल, त्याला यातलं काही कळलं पण नसणार. फ्लू होता तो, कोरोना नव्हे. पण रस्ता तोच.

मार्च २०२० आठवा. महाराष्ट्रातल्या पहिल्या केसेस ९ मार्चला पुण्यात सापडल्या, ते जोडपं दुबईची टूर करून आलं होतं, चाळीस जणांचा ग्रुप होता. परत आले १ मार्चला आणि निदान झालं ९ तारखेला. मधल्या दिवसात सगळे आपापल्या गावी पांगले. मुंबईहून पुण्याला त्यांना आणलेला टॅक्सीवाला पॉझिटिव्ह निघाला, त्याच ग्रुपमधले यवतमाळचे लोक पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे दुबईची सहल आणि आजार यवतमाळला. नंतर सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर, तिथं सौदीहून यात्रा करून आलेल्या एका कुटुंबातले चार जण सापडले आणि बघता बघता आकडा वीसच्या वर गेला. यात त्या लोकांचा काही दोष नाही, आणि तेव्हा त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते फार वाईट होतं. त्यांना माहितीच नव्हतं. कोरोनाची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी चौदापर्यंत, आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देत असतो. दोन दिवसांची ट्रिप त्यात आरामात बसते. पाहुणा धडधाकट येतो, धडधाकट जातो आणि गावात ताप सुरू होईपर्यंत तो शे-दोनशे किलोमीटर लांब असतो. म्हणून गावाला कधी कळत नाही कुठनं आलं, आणि मग गावातल्या गावातच एकमेकांकडं बोट दाखवणं चालू होतं.

सोलापुरात पहिली केस १२ एप्रिलला सापडली. तेव्हा आमच्याकडं गावोगावी लोकांनी रस्त्यावर काट्या टाकून वाटा बंद केल्या होत्या, मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांना झेडपी शाळेत चौदा दिवस ठेवायचे. आपलीच पोरं, पण आई लांबनं ताट ठेवून जायची. पहिल्या लाटेत खेड्यांनी बरंच थोपवलं होतं. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, खेडी अक्षरशः वाहून गेली, सोलापूर ग्रामीणचे आकडे शहरापेक्षा कितीतरी मोठे होते. कारण तोपर्यंत सगळं उघडलं होतं, लग्नं, यात्रा, फार्महाऊस, वीकेंडला शहरातनं गावाकडं गाड्याच गाड्या. आणि सोय काय होती, उपकेंद्र एक, पाच हजार लोकांमागं. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागं एक आणि तिथं कॉट सहा. ऑक्सिजनचा बेड पाहिजे म्हटलं की सोलापूर, नाहीतर बार्शी किंवा पंढरपूर, आणि तिथं पण रांग. शहरातल्या माणसाला ताप आला तर गल्लीत दोन दवाखाने असतात. त्यानं गावात सोडून गेलेला ताप मात्र सहा कॉटवर येऊन पडतो. हे ट्रिप ठरवताना डोक्यात यावं एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काही नवीन पण नाही. आपल्या सोलापूरला रेल्वे १८६० साली आली, त्यामुळं गिरण्या आल्या, पेठा वाढल्या, आणि आजार पण त्याच डब्यातनं आले. १८९६ ला मुंबईत प्लेग सुरू झाला तेव्हा लोक मुंबई सोडून गावाकडं पळाले आणि प्लेग त्यांच्याबरोबर आत आत गेला, १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाचा, तोच २०२० मध्ये परत बाहेर काढला. प्लेगात लोक घरंदारं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ते असायचं. १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूची मोठी साथ, जूनमध्ये मुंबईच्या बंदरातनं शिरली, महायुद्धाची जहाजं यायची ना, आणि रेल्वेनं देशभर गेली. एक कोटीहून जास्त माणसं गेली देशात. १९२१ ची जनगणना झाली तर आधीच्या दहा वर्षांपेक्षा लोकसंख्या कमी भरली, असं त्याआधी किंवा नंतर कधीच झालं नाही.

त्याच १९१८ सालचं एक उदाहरण मी ट्रेनिंगला आलेल्या आशाताईंना नेहमी सांगायचे. पॅसिफिक समुद्रात सामोआ म्हणून बेटं आहेत, एक भाग न्यूझीलंडच्या ताब्यात आणि शेजारचा अमेरिकेच्या. न्यूझीलंडवाल्या भागात नोव्हेंबरमध्ये ऑकलंडहून एक जहाज आलं, त्यावर फ्लूचे पेशंट होते, तरी लोकांना उतरू दिलं. दोन-तीन महिन्यांत तिथली साधारण एक पंचमांश माणसं गेली, पाचात एक. शेजारच्या अमेरिकन भागात गव्हर्नरनं बंदरच बंद ठेवलं होतं, तिथं एक पण मेलं नाही. बेटं जवळजवळ, माणसं तीच, बोली तीच.

आणि उलटं पण होतं, गावातनं पाहुण्यांना. ऑस्ट्रियात इशगल नावाचं डोंगरातलं गाव आहे, वस्ती दीड हजाराच्या थोडी वर, बर्फावर घसरायला सगळ्या युरोपातनं लोक येतात. ५ मार्च २०२० लाच आइसलँडनं सांगितलं होतं की आमचे लोक तिथनं आजारी होऊन आलेत. ७ तारखेला एका बारमधला काम करणारा माणूस पॉझिटिव्ह आला. तरी खोरं बंद केलं १३ तारखेला, आणि तेव्हा पण घाईघाईत हजारो पाहुणे एकदम घरी पाठवले, ते आपापल्या देशात आजार घेऊन गेले. सीझन चालू होता, कमाईचे दिवस होते. पैसे परत द्यायला कुणीच तयार नसतं, मोठ्या गावात पण नाही आणि छोट्या पण नाही. म्हणून मला या आमच्या मोहोळच्या शेतकऱ्याचं एवढं कौतुक वाटतंय.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम विचारली ती स्वयंपाकाच्या बायकांची. सगळ्या शेजारच्या वस्तीवरच्या आहेत. त्यातल्या आक्कांना भाकरी थापता थापता विचारलं की आजारी पडलात तर काय. तर म्हणाल्या दोन-तीन दिवस घरी बसायचं, रोज मिळतो. मालकांना नाही, त्यांना विचारलं, म्हणून मी खरं मानते. रोजंदारीवरच्या बाईला सर्दी-ताप असताना घरी बस म्हणणं सोपं आहे, पण हजेरी बुडाली तर ती का बसेल, ती येणार आणि दीडशे माणसांच्या भाकऱ्या थापणार. शिवाय घरातलं कुणी आजारी असलं तरी सांगायला घाबरत नाहीत त्या. हॉटेलवाल्यांनी, लॉजवाल्यांनी एवढं एक केलं तरी अर्धं काम होतं.

तिसरं म्हणजे रजिस्टर. ग्रुपच्या म्होरक्याचा एकच नंबर नव्हे, सगळ्या घरांचे नंबर लिहून घेतात. आणि जाताना सांगतात की घरी गेल्यावर आठवडाभरात कुणी आजारी पडलं तर आम्हाला एक मेसेज टाका, तुमचं नाव कुठं जाणार नाही. भावानं थट्टेनं विचारलं एवढं कशाला, तर दादा म्हणाले आमच्याच तालुक्यात घाटणे आहे, बघितलंय आम्ही. घाटणे म्हणजे २०२१ मध्ये तरुण सरपंच ऋतुराज देशमुख यांनी गावाला बरोबर घेऊन कोरोना थोपवला ते गाव. ३० मे २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बोलले तेव्हा त्यांनी हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांबरोबर घाटणे आणि आपल्या दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांची नावं घेतली होती. लगेच नंतर राज्यानं कोरोनामुक्त गावांची स्पर्धा पण लावली. या सगळ्यात फार मोठं तंत्र नव्हतं, घरोघर जाऊन विचारायचं, लवकर टेस्ट, लवकर वेगळं ठेवायचं, आणि बाहेरनं कोण आलं ते गावाला माहीत पाहिजे. रजिस्टर म्हणजे तेच की.

आता जे आवडलं नाही ते. वरचा हॉल. वीस-पंचवीस जण झोपतील असा, पण खिडक्या सरकत्या काचेच्या, छोट्या, आणि एसी लावला की सगळं बंद करून टाकतात. दिवसभर उघड्या रानात बसायचं, हवा खेळती, तिथं धोका कमीच असतो. आणि रात्री तेच सगळे एका बंद खोलीत आठ तास. हवेतनं पसरणाऱ्या आजाराला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. थंडीच्या दिवसात एसी लागतोच कशाला मला कळत नाही, पण लोक मागतात म्हणे. मी दादांना सांगितलं की समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या पाडा आणि वर झरोका ठेवा, रात्रभर उघडा राहील असा. डासाची जाळी लावा. ते वहीत लिहून घेतलं त्यांनी. तोवर तुम्ही जाणार असाल तर खोल्या घ्या, हॉल नको. खोल्यांना दोन्हीकडनं खिडक्या आहेत.

हात धुवायला नळ भरपूर आहेत, पण संडासाकडच्या नळावर साबण संपलेला होता, सांगितल्यावर लगेच आणून ठेवला. पाणी आरओचं, संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून लांब आहे, हे मी स्वतः चालत जाऊन बघितलं. कावीळ आणि जुलाब याचीच भीती जास्त असते अशा ठिकाणी आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

काही जण म्हणतील कोरोना संपला, जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ लाच आणीबाणी उठवली, आता कशाला हे. पुढची साथ सांगून येणार नाही म्हणून. आणि सोलापूर म्हणजे काय, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, सगळ्याच्या मधोमध बसलेलं गाव. वंदे भारत झाली, २०२५ पासून विमान पण सुरू झालं, सकाळी मुंबईत असलेला माणूस दुपारी आपल्या शेतात हुरडा खातो. येऊ देत की, मला आनंदच आहे, खेड्यात पैसा येतोय, आक्कांच्या सुनेला गावातच काम मिळालंय. पाहुणे बंद केल्यावर काय होतं ते पंढरपूरनं बघितलंय. २०२० आणि २०२१, दोन्ही आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं आल्या, गावात संचारबंदी होती, चंद्रभागेचं वाळवंट रिकामं. बुक्का, तुळशीमाळ, चुरमुरे विकणाऱ्यांचं अख्खं वर्ष चार वाऱ्यांवर चालतं, त्यांनी ती दोन वर्षं कशी काढली ते त्यांनाच माहीत. तरी वारकऱ्यांनी ऐकलं. शतकानुशतकं चाललेली वाट लोकांनी गावाच्या जिवासाठी थांबवली, मग एका वीकेंडची ट्रिप पुढं ढकलायला काय हरकत आहे.

जाणाऱ्यांसाठी: हुरडा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, जानेवारीत सगळ्यात चांगला. शेवटचा एक-दीड किलोमीटर रस्ता कच्चा आहे, छोटी गाडी हळू घ्या. रात्री रानात गारठा लई असतो, घोंगड्या देतात पण म्हाताऱ्या माणसांना स्वेटर-कानटोपी घेऊन जा. कुत्री आहेत, बांधलेली असतात. पैसे ऑनलाइन चालतात, रेंज मात्र गेटपाशीच येते. आणि बुकिंग करताना ते सगळ्यांचे नंबर मागतील, कुरकुर न करता द्या.